पाचवा शब्द माझ्या वाट्याला

आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभू वधस्तंभावर असताना सात वेळा बोलला. ते सात शब्द सात जणांना वाटून देतात आणि प्रत्येकानं आपल्या शब्दावर पंधरा-वीस मिनिटं बोलायचं असतं. वाटप पाळकसाहेब करतात, पण त्याआधी महिनाभर मंडळीत रुसवेफुगवे चाललेले असतात. पहिला शब्द क्षमेचा. तो सगळ्यांना हवा असतो, कारण क्षमेवर बोलता बोलता भावकीला टोमणे मारता येतात. देवानं मला का टाकलं हा चौथा, तो जास्त शिकलेल्यांचा. सातवा सर्वांत म्हाताऱ्या वडीलजनांसाठी राखीव. पाचवा मात्र कुणालाच नको असतो. पाचवा तहानेचा. प्रभूला तहान लागली, त्यानं तसं सांगितलं, संपलं. त्यावर वीस मिनिटं काय बोलणार?

त्या वर्षी पाळकसाहेबांनी तो मला दिला. "बाई, ह्यावर तुमच्याइतकं कोण बोलू शकेल," असं म्हणाले. चांगल्या मनानंच म्हणाले. मला त्यांच्या तोंडावर दार लावावंसं वाटलं, पण मी चहा केला आणि हो म्हटलं.

कारण असं होतं. माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशीनवर रक्त धुवून घ्यायचं. लघवी जवळजवळ बंद. म्हणजे प्यालेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. ते पायांत उतरतं, तोंडावर सूज आणतं आणि फारच झालं तर फुप्फुसांत भरतं. मग माणूस खाटेवर बसल्या बसल्या बुडतो. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी, पेनचं टोपण उघडझाप करत सांगितलं. दिवसाला अर्धा लिटर, त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्या गिळायचं पाणी. आम्हाला मूलबाळ नाही. माझी किडनी द्यायला मी तयार होते, पण मला साखर आहे म्हणून त्यांनी माझी फाईल मिटून परत दिली. तेव्हा ह्यांना जिवंत ठेवायचा एकच उपाय माझ्या हातात उरला, तो म्हणजे पाणी न देणं.

आणि हे तर पाण्याचे शौकीन. मूळचे कडेगावकडचे. तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते, त्यातली निम्मी सांगली-तासगाव रस्त्यावर गेली. इंजिनाची धग पायावर घेत दिवसभर बसायचं, म्हणून शेजारी पाच लिटरचा कॅन असायचा आणि तो दुपारपर्यंत रिकामा व्हायचा. बेदाण्याच्या शेडसमोर गाडी थांबली की कुणी ना कुणी तांब्या घेऊन यायचं. तोंड वर करून, तांब्या वीतभर उंच धरून, एक थेंब अंगावर न सांडता ते गटागट प्यायचे. लग्नाआधी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच पाणी पिताना. मला हा माणूस आवडला, त्यात त्या पिण्याचा वाटा होता.

मी माठ शेजारी देऊन टाकला. फ्रिजला साखळी आणि कुलूप घातलं. विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी कामाला आहे. सकाळी निघताना गच्चीवर जाऊन टाकीची चावी बंद करायची आणि एका बाटलीत दुपारपुरतं पाणी मोजून ठेवायचं, असा नेम धरला. तरी ते चोरायचेच. तोंड धुताना चूळ गिळायचे. कढीपत्त्याच्या कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी प्यायचे. मशीनवर घ्यायच्या आधी वजन करतात. दोन वेळांच्या मधे जे वजन वाढलं ते सगळं पाणीच, त्यामुळे चोरी लपायची सोय नव्हती. तिथला टेक्निशियन चेष्टेनं विचारायचा, "काका, कुठली विहीर ढोसून आलाय?" सगळे हसायचे. हेही हसायचे. मी हसायची नाही.

एका दुपारी मी लवकर घरी आले तर हे कूलरच्या मागं बसलेले. कूलरची खालची जाळी काढलेली. टाकीत आठवड्याचं पाणी, त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, आणि हे औषधाच्या बाटलीच्या झाकणानं ते पाणी काढून पीत होते. मला बघितलं तरी थांबले नाहीत, आणखी एक झाकण घाईघाईनं तोंडात ओतलं. मी त्यांच्या तोंडात मारली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता, मी तर नाहीच नाही. झाकण उडून पलंगाखाली गेलं. ते गालाला हात लावून म्हणाले, "मार. पर त्या आधी एक घोट दे." मी दिला नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायची सोयही मी चावी बंद करून घालवून बसले होते.

शेजारच्या जैन काकूंना हे ऐकू गेलं असणार. त्यांचा पर्युषणातला आठ दिवसांचा उपास नुकताच पार पडला होता, त्यात फक्त दिवसा उकळलेलं पाणी. त्या येऊन ह्यांना म्हणाल्या, मन घट्ट केलं की सगळं जमतं, शरीराला वळण लावायचं असतं. ह्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवं काकू, तुमी उपास कवा सोडनार त्ये तुमाला म्हाईत असतंय." त्या बिचाऱ्या उठून गेल्या. पुन्हा उपदेश करायला कधी आल्या नाहीत, पण मी ऑफिसात असताना खिडकीतून ह्यांच्यावर लक्ष ठेवायच्या.

त्या काळात मी देवाकडे ह्यांना बरं करायची प्रार्थना सोडून दिली होती. ती मी पहिले दोन महिने केली. उपास करून केली, मंडळीला घरी बोलावून केली. काही झालं नाही. मग मी एकच मागायला लागले. सकाळी गच्चीवर, चावी फिरवायच्या आधी, कठड्याला हात टेकून म्हणायची, प्रभू, मला नाही म्हणायचं बळ दे, आजचा एक दिवस. आणि सांगते, ते मिळायचं. लोक साक्ष देताना जे सांगतात, की अंगात शांती उतरली, प्रकाश दिसला, तसलं काही मला झालं नाही. फक्त खाली आल्यावर हे हात जोडून पाणी मागायचे आणि माझा हात बाटलीकडे जायचा नाही, एवढंच. माझ्या आयुष्यात देवानं माझी इतकी रोकठोक ऐकलेली दुसरी प्रार्थना नाही. तिच्या जोरावर मी एका तहानलेल्या माणसाला चार वर्षं तहानलेलं ठेवलं.

असा हा उत्तम शुक्रवार आला. मी चार पानं लिहून नेली होती. आमच्यात पाचव्या शब्दावर बोलणारे दरवर्षी एकच बोलतात, की ही तहान पाण्याची नव्हती, आत्म्यांच्या तारणाची होती. माझ्याही पानांत तेच होतं. हे पुढच्या बाकावर पंख्याखाली बसले होते. पांढरा सदरा त्यांना आता ढगळ होत होता. ओठ सोललेले, जीभ सारखी त्यांवरून फिरत होती, पण ओठ ओले होत नव्हते. मी उभी राहिले, त्यांच्याकडे बघितलं, आणि ती पानं माझ्याच्यानं वाचवेनात.

मी म्हणाले की ही तहान पाण्याचीच होती. तहान मी रोज बघते. जीभ जाड होते, शब्द चिकटतात, माणूस भांड्याच्या आवाजाला मान वळवतो. उन्हात रक्त गेलेल्या माणसाला आत्म्यांची तहान लागत नाही, पाण्याची लागते, आणि प्रभू खरा माणूस झाला असेल तर त्यालाही तीच लागली. मग म्हणाले की वधस्तंभाखाली त्याची आई उभी होती. तिनं ते ऐकलं, पण तिचा हात तिथवर पोचत नव्हता. माझा पोचतो. माझ्या हातात भांडंही असतं. तरी मी देत नाही, कारण देणं म्हणजे मारणं आहे. शेवटी मी म्हणाले, "मंडळीला माझी एकच विनंती आहे. ह्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी प्रार्थना करा. माझा हात असाच घट्ट राहू दे."

मंडळी रडली. पुरुषसुद्धा रुमाल काढून बसले. सातवा शब्द घेतलेले वडीलजन इतके गहिवरले की त्यांना आपलं बोलणं आठवेना. मी जागेवर जाऊन बसले तेव्हा ह्यांनी माझा हात दाबला. मला वाटलं, पाचव्या शब्दावर आजवर इतकं चांगलं कुणी बोललेलं नाही. हो, वाटलं. ते लपवून काय करू.

आमच्यातले बरेच जण त्या दिवशी सकाळपासून पाणीही घेत नाहीत. तीन वाजता उपासना सुटली की चर्चच्या मागं, पाळकसाहेबांच्या घराच्या ओसरीत, कैरीच्या पन्ह्याचं पिंप मांडलेलं असतं. तिथं सगळे उपास सोडतात. मी बाहेर पडले तर मला बायकांनी घेरलं. एकीनं गळ्यात पडून रडून घेतलं, दुसरी म्हणाली, तुमच्या तोंडून आत्मा बोलला. मी मान खाली घालून नाही नाही म्हणत होते आणि हलत नव्हते. दहा मिनिटं मी कौतुक ऐकत उभी राहिले. घड्याळ बघितलं नव्हतं, पण नंतर मी ती दहा मिनिटं इतक्या वेळा मोजली आहेत की मला ती पाठ आहेत.

ओसरीत हे खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्यापुढं लोक ग्लास घेऊन उभे होते. तहानलेल्याला पाणी पाजलं की ते प्रभूला पाजलं, असं आम्हाला रविवारच्या शाळेपासून शिकवतात. आणि इथं तहानलेला माणूस प्रत्यक्ष समोर, उत्तम शुक्रवारी, तीन वाजता, आणि त्याच्या तहानेवर वीस मिनिटं ऐकून सगळ्यांची मनं भरून आलेली. मी काय मागितलं ते कुणीच ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त तहान ऐकली. पिंपाजवळ उभ्या असलेल्या मावशी, ज्या चर्चमध्ये झाडलोट करतात आणि आमच्या लग्नात ज्यांनी मला हळद लावली होती, त्या स्वतःच्या पदरानं ह्यांचं तोंड पुसत होत्या. म्हणत होत्या, "प्या बाबा, आजच्या दिशी प्रभू काय हू देत न्हाई."

मी ग्लास हिसकावून घेतला. तो रिकामाच होता. किती झाले म्हणून विचारलं तर कुणी म्हणालं तीन, कुणी म्हणालं सहा. मावशी म्हणाल्या, "घोटभरच दिलं प्रत्येकानं." पन्ह्यात मीठ असतं, गूळ असतो, आणि कैरी तर त्यातल्या पोटॅशियममुळे ह्यांना विषासारखी वर्ज्य होती. ह्यांच्या मिशांना पिवळा गर लागला होता आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं जे मी चार वर्षांत बघितलं नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला.

पाच वाजता श्वास लागला. आडवं होता येईना, उशा पाठीशी लावून बसवलं तरी हवा पुरेना, तोंडातून गुलाबी फेस यायला लागला. रिक्षातून दवाखान्यात नेलं आणि तातडीनं मशीनवर घेतलं. जीव वाचला, पण त्या ताणात हृदयाला झटका बसून गेला होता. डॉक्टरांनी पुन्हा पेनचं टोपण उघडझाप केलं आणि विचारलं, "कोणी पाजलं?" मी म्हणाले, "आमच्या मंडळीनं." त्यांना ते काय समजलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दवाखान्यात आल्या. दारातूनच रडत आल्या, ह्यांच्या पायांना हात लावला, मग माझ्या. म्हणाल्या, "माजं चुकलं गं लेकरा. मी आता इथंच बसून प्रार्थना करती." मी म्हणाले, "मावशी, पन्हं पाजलंत तेवढं पुरे झालं. आता प्रार्थना नका पाजू." सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईचं तोंड एवढंसं झालं. पिशवीतून आणलेली दोन मोसंबी त्यांनी माझ्यापुढं धरली. मी म्हणाले की तीही ह्यांना चालत नाहीत. मग त्या मोसंबी घेऊन गेल्या. मी त्यांना क्षमा केली नाही. पहिला शब्द माझ्या वाट्याला आलेला नव्हता, असं मी मनात म्हणाले आणि मला ते म्हणताना बरं वाटलं.

ह्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "तिला कशापायी बोललीस? तिला कुटं ठावं व्हतं," ते म्हणाले. "मला व्हतं की. पयला गिलास आला तवाच मला म्हाईत व्हतं."

"मग का प्यालात?"

"लय ग्वाड व्हतं," म्हणाले, आणि मास्क परत लावला.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. कपडे बदलले, जेवू घातलं, तोंड पुसलं, पण बोलले नाही. रोज सकाळी गच्चीवर जे बळ मी पदरात पाडून घेत होते, ते ह्यांनी ग्लासभर पन्ह्यासाठी उधळलं होतं, असं मला वाटत होतं. आणि देवावर तर मी ह्यांच्याहून जास्त चिडले होते. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी त्याला सांगितलं की नाही म्हणायचं बळ तू मला एकटीलाच दिलंस. ह्यांना का नाही दिलंस, मंडळीला का नाही दिलंस? पण इतकं बोलूनही तो मला सोडून गेला असं वाटलं नाही. मी ज्याच्याशी भांडत होते तो ऐकत होता. भांडायला समोर कुणीतरी असणं, एवढ्यावर मी ते दिवस काढले, आणि माझ्या विश्वासाचा खरा भाग मला तोच वाटतो. तिसऱ्या दिवशी मी ह्यांना विचारलं की उशी नीट आहे का.

त्यानंतर तीन आठवड्यांत मशीन झेपेनासं झालं. लावलं की रक्तदाब पडायचा, ह्यांचे डोळे फिरायचे, अर्ध्या तासात बंद करावं लागायचं. एका सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. ह्या वेळी पेन खिशात होतं. म्हणाले, आता थांबू या. घरी न्या. जे मागतील ते खाऊ-पिऊ घाला. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, आठवडा, फार तर.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. रिक्षात त्यांनी विचारलं, "आता परत कवा यायचं? सोमवारी?" मी म्हणाले, बघू. शंभर फुटी रस्त्याला सिग्नलवर रिक्षा थांबली तेव्हा उसाच्या रसाच्या गाड्याकडे त्यांची मान वळली, आणि सवयीनं मी माझी पर्स त्यांच्या डोळ्यांपुढं आडवी धरली.

घरी आल्यावर त्यांना पलंगावर बसवलं आणि मी स्वयंपाकघरात गेले. सकाळचे अकरा वाजले होते. ग्लास काढला आणि ओट्याशी उभी राहिले. चार वर्षं मी न देण्याचं बळ मागत आले होते. आता देण्याचं मागावं लागत होतं, आणि हे फार जड होतं, कारण आजवर मी दिलं नाही की ह्यांच्या उद्यावर माझा हक्क राहायचा. प्रभू, एवढा ग्लास उचलू दे, इतकंच म्हणाले. ग्लास भरला आणि उचललाही गेला. हेही मिळालं, ते मी नाकारणार नाही.

मी काठोकाठ भरलेला ग्लास त्यांच्यापुढं धरला. ते ग्लासाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"ह्यातलं किती पिऊ?"

"पाहिजे तेवढं."

त्यांनी ग्लास दोन्ही हातांत घेतला. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा खटाटोप करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली तरी ते प्याले नाहीत.

"व्हय का," ते हळूच म्हणाले.

मी मान डोलावली. त्यांनी दोन घोट घेतले, तिसरा तोंडात धरून ठेवला, गिळला, आणि बाकीचं पाणी माझ्या हातात परत दिलं.

"तू न्हाई म्हनत व्हतीस," ते म्हणाले, "तवर बरं व्हतं गं."